कुणाचीच आई नसण्याचा रविवार

माझ्याकडे कवितेसाठी वही नाही, मुलगी आहे. हे मी कुठे बोलले की बायका "किती गोड" म्हणतात. त्यात गोड काही नाही, ती निव्वळ सोय आहे. ज्या घरात सकाळी साडेसहाला दोन डबे, आठला शाळेची रिक्षा आणि नऊला नळाचं पाणी, त्या घरात ओळ सुचते ती हात पिठात असताना. हात धुवा, पुसा, पेन शोधा, ते चालत नाही म्हणून दुसरं शोधा, तोवर ओळ कृष्णा ओलांडून पलीकडे गेलेली असते. फोनमध्ये बोलून ठेवावं म्हटलं तर फोनला पीठ लागतं. शिवाय नवरा आतून विचारतो, "कुणाशी बोलतेस?" स्वतःशी, असं सांगितलं की तो काळजीत पडतो.

तर एका सकाळी भाकरी थापताना ओळ आली. मुलगी तेव्हा पहिलीत होती आणि ओट्याशेजारी स्टुलावर बसून दूध न पिण्याचं काम मन लावून करत होती. मी म्हटलं, "ए, ही ओळ जरा धर गं." ओळ सांगितली. तिने ती दोनदा पुटपुटली आणि म्हणाली, "धरली." दुपारी शाळेतून आल्यावर मी मागितली, तर जशीच्या तशी परत दिली. त्या दिवसापासून आमचं सुरू झालं. पुढे तिने स्वतःची पद्धत बसवली. एक ओळ एका बोटावर. अंगठ्यापासून सुरुवात, करंगळीवर शेवट, आणि एका वेळी पाचच. सहावी सांगायला गेलं की हात पुढे करून दाखवायची, "जागा नाही." तिच्या दुसऱ्या हाताचं सामान वेगळं होतं, त्यावर पाढे होते.

या पद्धतीत दोष नव्हते असं नाही. मुख्य दोष म्हणजे वहीला मत नसतं आणि हिला होतं. एकदा मधल्या बोटावरची ओळ मागितली तर म्हणाली, "ती मी टाकून दिली. त्यात मांजर मरत होतं." मी डोळे वटारले, विनवण्या केल्या, चॉकलेट दाखवलं. गेली ती गेली. मांजर वाचलं आणि कविता मेली. दुसरा दोष, तिला ताप आला की माझं लिखाण बंद. एरवीही मुलाला ताप आला की आईचं सगळंच बंद असतं, पण माझ्या घरात औषध पाजताना थर्मामीटरबरोबर दोन ओळीही उतरण्याची वाट पाहावी लागायची.

लग्नाआधी माझा एक लहानसा संग्रह आला होता. साताऱ्याला माहेरी राहत असताना, कॉलेजात शिकत असताना लिहिलेल्या कविता. मग लग्न होऊन मी सांगलीला आले, मूल झालं, आणि त्यानंतर सात वर्षं एकही पुरी कविता माझ्या हातून झाली नाही. ओळी होत्या. बोटांवर मावतील एवढ्या ओळी नेहमीच होत्या. त्या एकमेकींना धरून उभ्या राहायच्या नाहीत, कारण एक ओळ सोमवारची असायची आणि दुसरी गुरुवारची, मध्ये तीन धुणी आणि एक पालकसभा. माहेरी गेले की ओळखीतलं कुणीतरी विचारायचंच, "नवीन काही?" मी म्हणायचे, "चाललंय." लोक भाजीवाल्याशीही इतक्या सहज खोटं बोलत नसतील.

मुलगी दुसरीत होती त्या वर्षी जानेवारीत साताऱ्याहून एका वाचनालयातून फोन आला. फेब्रुवारीत छोटा कार्यक्रम आहे, पाच-सहा कवी, प्रत्येकाने एक कविता वाचायची, मात्र नवी हवी. "आहे ना नवीन?" बाईंनी विचारलं. माझ्या एका हातात कुकरचं झाकण होतं. मी म्हटलं, "आहे." फोन ठेवला. नवीन नव्हतीच. याही वेळी जुनीच कविता घेऊन गेले असते, तर मी "एके काळी लिहायची" अशी बाई झाले असते. अशा बायका मी पाहिल्या होत्या. त्या बोलायला फार चांगल्या असतात आणि वाण देताना स्वतःचा जुना संग्रहही हळूच हातात ठेवतात. मला तशी बाई व्हायची भीती वाटत होती, आणि ती भीती खरी होती.

त्याच आठवड्यात ती ओळ आली. मी मटार सोलत होते, मुलगी समोर बसून सोललेले खात होती. सासूबाई हॉलमध्ये टीव्ही मोठ्याने लावून बसल्या होत्या, नवरा कुपवाडच्या कारखान्यातून पाळी संपवून आलेला आणि दोन मोजे दोन खोल्यांत टाकून चहाची वाट बघत होता. सगळे मला एकाच वेळी काहीतरी विचारत होते. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "धर गं. एक दिवस असा दे मला, ज्यात मी कुणाचीच आई नसेन."

सवय वाईट. ओळ आली की मी ती देतेच, कुणाला देतेय हे बघत नाही. मुलीने मटार गिळला, पुटपुटली आणि म्हणाली, "धरली. करंगळीवर."

माझ्या लक्षात आलं, मी कुणापुढे काय बोलले ते. मी घाईघाईने म्हटलं, "ती नको. ती सोडून दे."

"सोडली," ती म्हणाली आणि आणखी चार दाणे घेतले. माझा जीव भांड्यात पडला.

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे रथसप्तमीच्या आदल्या दिवशी असतं. त्या वर्षी वाण म्हणून मी चहाच्या गाळण्या आणल्या होत्या आणि सासूबाईंना त्या पसंत नव्हत्या, कारण शेजारणीने स्टीलचे डबे दिले होते. अपार्टमेंटमधल्या पंधरा-वीस बायका आल्या. तिळगूळ झाला, एकमेकींच्या साड्या बघून झाल्या, आणि बोलायला काही उरलं नाही तेव्हा वरच्या मजल्यावरच्या काकूंनी तेच केलं जे आपल्याकडे अशा वेळी करतात. घरातल्या पोराला उभं केलं. "म्हण बाळा एखादी कविता. तुझी आई कविता करते ना?"

मुलगी उभी राहिली. हात मागे बांधले. मला वाटलं, शाळेतलं काहीतरी म्हणेल, ससा नाहीतर पाऊस. तिने घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात म्हटलं:

"एक दिवस असा दे मला, ज्यात मी कुणाचीच आई नसेन."

आणि खाली बसली, कारण कविता तेवढीच होती.

एका बाईंनी गाळणी उलटसुलट करून पाहिली. काकूंनी "बाई गं" म्हटलं, पण ते कौतुक नव्हतं. मी हातातलं ताट घेऊन तशीच उभी होते. आता सासूबाई काय म्हणतील या विचाराने मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. सासूबाई विट्याजवळच्या एका खेड्यातल्या. चार मुलं आणि पाच एकर ऊस वाढवलेल्या. त्यांच्यापुढे मी एका मुलीची आई, तीही मिक्सर आणि वॉशिंग मशीनवाली.

सासूबाईंनी तोंडातला तिळगूळ संपवला. मग म्हणाल्या, "बरुबर हाय की. मला चार पोरं. मी तर येक दिस न्हाई, पंधरा दिस मागितलं आसतं. पर मागायचं कुनाकडं, त्येच कवा कळलं न्हाई."

पहिल्यांदा एक बाई हसली, मग दोघी हसल्या, आणि त्यानंतर अर्धा तास त्या खोलीत बायका आपापल्या सुट्ट्यांबद्दल जे बोलल्या ते मी इथे लिहिणार नाही, कारण त्यांचे नवरे वाचतात. काकू सर्वांत जास्त बोलल्या.

बायका गेल्यावर मी मुलीला गाठलं. "सोडली म्हणाली होतीस ना ती?"

"सोडली होती. पण ती गेलीच नाही."

मग तिने तो प्रश्न विचारला ज्याची मला भीती होती. "आई, कुणाचीच म्हणजे माझी पण?"

मी म्हटलं, "कवितेत असं म्हणतात गं."

"म्हणजे खोटं?"

"खोटं नाही."

"मग खरं," ती म्हणाली. तिने हे अगदी सरळ, बेरजेचं उत्तर सांगावं तसं सांगितलं आणि आजीकडे गेली. पुढचे दोन-तीन दिवस त्या दोघी स्वयंपाकघराच्या दारात कुजबुजताना दिसायच्या. मी आले की गप्प व्हायच्या. माझा वाढदिवस जवळ नव्हता, त्यामुळे मी बुचकळ्यात पडले होते.

रविवारी सकाळी उठले तर मुलगी आधीच उठलेली. आजीने तिच्या दोन वेण्या अशा करकचून घातल्या होत्या की तिच्या भुवया वर ओढल्या गेल्या होत्या. ती माझ्यासमोर चहाचा कप धरून उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, चहा."

"काकू काय गं?"

"आज तुम्ही कुणाच्याच आई नाही," ती म्हणाली. सात वर्षांच्या आयुष्यात तिने मला पहिल्यांदा अहो-जाहो केलं होतं.

मागून सासूबाई आल्या. "आत जा आन् बस लिहीत. येक दिस पायजे हुता न्हवं? ह्यो घे."

"आत्या, स्वयंपाक?"

"तुजा नवरा हाय की. त्याची पाळी मी बदलून घ्यायला लावलिया. आन् आज मला आत्याबी म्हनू नगंस. मलाबी सासूपनातनं सुट्टी हाय."

नवरा ओट्यापुढे उभा राहून कुकरच्या शिट्टीकडे असा बघत होता, जणू ती यंत्राचा नवा सुटा भाग आहे आणि त्याचं माहितीपत्रक हरवलं आहे. मला हसू आलं. बायकोला एक दिवस मोकळा द्यायला आमच्या घरात तिघांना कामाला लागावं लागलं, यावरून एरवी ती काय करते ते कळावं, असंही मनात आलं. पण ते मी बोलले नाही, सुट्टी जायची. मी आत गेले आणि दार लावून घेतलं.

पहिला तास मी कपाट लावलं. खरंच लावलं. हात स्वस्थ बसत नव्हते. बाहेर नवऱ्याचा आवाज, "हिंग कुठं असतो?" माझ्या जिभेवर उत्तर आलं, वरच्या फळीवर, डावीकडे, झाकण तुटलेल्या डबीत. तेवढ्यात मुलीचा आवाज, "बाबा, काकूंना विचारायचं नाही." त्यांनी त्या दिवशी बिनहिंगाची खिचडी केली. मला ताट दाराशी आणून ठेवलं आणि दोन टकटक करून निघून गेले.

अकरा-साडेअकराला कविता सुरू झाली. मला ती सुरू झाल्याचं कळलंही नाही. एका ओळीवरून मी दुसऱ्या ओळीवर गेले, मध्ये भाजी न चिरता. दुसरीवरून तिसरीवर, कुणाचं नाक न पुसता. सात वर्षांत असं झालं नव्हतं. ओळी एकमेकींना धरत होत्या. मी इतकी खूश होते की एकटीच हसत होते, आणि हे सांगायला मला अजिबात संकोच वाटत नाही: त्या दुपारी मला कुणाचीही आठवण आली नाही.

तीनच्या सुमाराला खाली पार्किंगमध्ये एक मूल रडलं. आमच्या इमारतीत रविवारी दुपारी सगळी पोरं खाली सायकली फिरवतात, त्यातलं कुणीतरी. रडणंही दाबून, अडखळत. मी खिडकीकडे पाहिलं, पेन हातातच होतं, आणि लिहिलं:

"खाली कुणाचंतरी लेकरू रडतंय
आणि मी या दुपारची नुसती पाहुणी."

ओळी छान होत्या. कविता त्यांची वाटच बघत होती. रडणं थोड्या वेळाने थांबलं आणि मी पुढे गेले.

पाचला दारावर टकटक झाली. "काकू, दिवस संपला का?"

"नाही, थोडं राहिलंय."

"सावकाश," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा आवाज आला, या वेळी जरा बारीक, "काकू, दिवस किती वाजता संपतो?" मी म्हटलं, "दोन ओळी." पावलं दूर गेल्याचं ऐकू आलं नाही. मी त्या दोन ओळी लिहिल्या. घाईने नाही, नीट लिहिल्या. खाली तारीख टाकली आणि दार उघडलं.

ती दाराबाहेर भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती, एक पाय सरळ लांब ठेवून. गुडघ्यावर हळदीचा जाड लेप होता, वाळून भेगा पडलेला, आणि त्यातून काळपट रक्त दिसत होतं. वेण्यांतली एक सुटली होती.

"संपला दिवस," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

मग तिचा चेहरा हळूहळू वाकडा झाला. "आई, मी पडले," ती म्हणाली आणि दुपारपासून धरून ठेवलेलं सगळं रडणं तिने माझ्या खांद्यावर सोडलं. मी तिथंच जमिनीवर बसले. मला फार लाज वाटली.

सासूबाई म्हणाल्या, "दुपारीच पडली सायकलवरनं. म्या म्हनलं, आईला हाक मारू. तर मलाच गप केली. म्हनली, आजी, आज तिला कुनी न्हाई."

कार्यक्रमाला आम्ही चौघंही साताऱ्याला गेलो. एसटीने, कारण कविता वाचायला जाताना मला खिडकी लागते. वाचनालयाचा हॉल अर्धा भरला होता, तिथे तो भरलाच समजतात. माझी पाळी चौथी होती. कागद हातात धरला आणि मी वाचली. लेकराच्या ओळीवर हॉलमध्ये कुणीतरी "वा" म्हणालं. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "पुन्हा घ्या." मी पुन्हा घेतली.

दुसऱ्या रांगेत मुलगी उठून उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ते लेकरू मीच." पाय वर करून खपली दाखवली. त्यानंतर ज्या टाळ्या पडल्या त्यातल्या बऱ्याचशा तिच्या होत्या, हे मला मान्य आहे. तिला दोन कंदी पेढे मिळाले, मला एक. पण मी खूश होते. "नवीन काही?" असं त्या दिवशी मला कुणी विचारलं नाही.

चहाच्या वेळी एक बाई जवळ आल्या. त्यांचे डोळे ओलसर होते. "तुम्हाला ओळखू आलं नाही हो, आपलीच मुलगी आहे ते?"

"नाही ना," मी म्हटलं. "पार्किंगमधून आवाज वेगळाच येतो." त्यांनी माझा हात दाबला.

परतीच्या एसटीत नवरा आणि सासूबाई मागच्या बाकावर पेंगत होते. मुलगी खिडकीशी होती. कराड मागे पडलं, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या लागल्या, आमची गाडी त्यांच्यामागे रखडत चालली होती. मुलगी खपलीच्या कडेने बोट फिरवत म्हणाली, "आई, तुला खरंच कळलं नव्हतं का, मी होते ते?"

त्या बाईंना जे सांगितलं ते हिलाही सांगता आलं असतं. तेवढ्यासाठी मी तोंडही उघडलं. पण तिच्याकडे माझी प्रत्येक ओळ खरी म्हणून ठेवायला गेलेली होती. पहिल्या हुंदक्यालाच मला कळलं होतं. आपल्या मुलाचं रडणं पार्किंगमधून आलं काय आणि पाण्याखालून आलं काय, कळतं. मला कळलं, आणि त्याच क्षणी मी "कुणाचंतरी" असा शब्द लिहिला.

"कळलं होतं," मी म्हटलं.

तिने बोट फिरवणं थांबवलं. "मग आली का नाहीस?"

"लिहीत होते."

ती खिडकीबाहेरच्या ट्रॉल्या मोजायला लागली. रागावली नव्हती, विचार करत होती. पेठनाका आला. मी तिच्या वेणीची रिबीन उगाच दोनदा सोडून बांधली. मग ती म्हणाली, "पुढच्या वेळी ये. लिहीत असलीस तरी."

"येईन."

त्यानंतर ती दोनदा पडली आहे. दोन्ही वेळा मी गेले. पहिल्या वेळी भाकरी करपली. दुसऱ्या वेळी एक ओळ गेली, ती मला अजून आठवलेली नाही.